गणपतीच्या ‘गं’ या बीजमंत्राचा अर्थ काय?

याचं उत्तर अथर्वशीर्षातच आहे, आपण भरभर म्हणताना ते निसटतं. ‘गकारः पूर्वरूपम्’ म्हणजे आधी ग, मध्ये अ, शेवटी अनुस्वार, त्यावर बिंदू. आणि या सगळ्यांना जोडणारा नाद. म्हणून ‘गम्’ असं तोडू नका, ओठ मिटून नाद घुमू द्या.

पुढे ध्यानाच्या श्लोकात, म्हणजे गणपतीच्या रूपाच्या वर्णनात, चार हात येतात: पाश, अंकुश, मोडलेला दात आणि वर देणारा हात. गंमत म्हणजे हातात मोदक नाहीच! तो येतो थेट फलश्रुतीत, म्हणजे पठणाचं फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागात, तोही हजारांनी.

एकवीस आवर्तनं करणार असाल तर फलश्रुती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणायची. आमच्याकडे मोजायला ताम्हनात एकेक दूर्वा ठेवतात.