जुन्या स्नेअरला क्रोम करू नका

प्रश्न : काकांच्या माळ्यावर एक स्नेअर ड्रम (खालच्या कातड्यावर तारा ताणलेला ड्रम) सापडला. 14 इंची, धातूचा, हवेच्या भोकापाशी ‘लडविग अँड लडविग, शिकागो’ असं नाव. लग, म्हणजे ड्रमच्या अंगावरचे रॉड धरणारे भाग, नळीसारखे आहेत. वरचं कातडं फाटलंय, खालचं गायब. कातडं ताणायचे तीन टेन्शन रॉड नाहीत, आणि तारा ताणायचा स्ट्रेनर कुणीतरी काढून नेलाय, नुसती भोकं राहिलीत. ओळखीतले एक वादक म्हणतात, क्रोम करून घे, बाजारातला नवा स्ट्रेनर बसव, आठवड्यात वाजायला लागेल. मला तो होता तसा करायचाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी क्रोमचा विचार मनातून काढून टाका, मग पुढचं बोलू.

तुमच्या ड्रमवर निकेलचा मुलामा आहे. क्रोमची झाक निळसर आणि थंड असते, निकेलची किंचित पिवळट, उबदार. उजेडात क्रोम केलेली एखादी नवी वस्तू शेजारी धरून बघा, फरक लगेच कळेल. ड्रमवर क्रोम सर्रास दिसू लागलं ते 1930 च्या दशकापासून पुढे. लडविग बंधूंनी कंपनी काढली 1909 मध्ये, आणि 1930 च्या सुमारास ती दुसऱ्याच्या मालकीची होऊन शिकागोहून एल्खार्टला गेली. त्यातल्याच विल्यम लडविगनी 1937 मध्ये शिकागोतच पुन्हा कारखाना उभा केला, पण ‘डब्ल्यूएफएल’ या नावाने. म्हणजे ‘लडविग अँड लडविग’ आणि ‘शिकागो’ ही दोन्ही नावं एकत्र असली, की ड्रम त्या पहिल्या वीसेक वर्षांतला. नळीचे लग बघता मी तो 1920 च्या दशकात टाकीन. हे वय आधी पक्कं करायचं, कारण भाग शोधताना ‘जुना’ या शब्दाचा काही उपयोग होत नाही. 1950 चा स्ट्रेनरही जुनाच असतो, पण तुमच्या ड्रमवर तो उपराच दिसेल.

आता साफसफाई. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काळ्या निकेलचा, वर फुलापानांचं कोरीवकाम असलेला पितळी शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, माझ्याकडे आला होता. मी नेहमीचं पितळ चकाकवायचं पॉलिश घेतलं आणि घासायला लागलो. फडकं काळं होत होतं. मला वाटलं, किती हा मळ! तळहाताएवढी जागा पिवळी दिसायला लागली तेव्हा कळलं, की मी मळ नाही, मुलामा काढत होतो. कोरीव रेषा राहिल्या, पण काळ्यावर पिवळी ही त्यांची शोभा तेवढ्या जागेपुरती कायमची गेली. त्या शेलची ती जागा मला अजून दिसते. म्हणून विनवणी करतो : आधी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं. ते कोरडं झालं की हलकं तेल. गंजलेले स्क्रू रात्रभर तेलात ठेवा. घासायची पावडर, स्टीलची घासणी, पॉलिशिंगचं चाक, काही नको. जे डाग राहतील ते राहू द्या.

शेल पितळी आहे की स्टीलचा, हे लोहचुंबक सांगेल. स्टीलवर तो खट्कन बसतो. पितळेला चिकटत नाही, निकेलच्या पातळ थरामुळे फार तर किंचित ओढ जाणवते. हूप, म्हणजे कातडं दाबून धरणारं बाहेरचं कडं, तेही तपासा. शेल पितळी आणि हूपवर चुंबक घट्ट बसला, तर हूप नंतर बदलला असण्याची शक्यता धरून चाला. तिथल्या तिथे निकाल मात्र देऊ नका, सगळा पुरावा एकत्र ठेवून बघा.

ड्रम सोडवताना प्रत्येक लग कुठून काढला ते चिकटपट्टीवर लिहून त्याच लगला चिकटवा. शंभर वर्षं एका जागी बसलेला लग त्याच जागेशी जुळलेला असतो. स्क्रूच्या खाचेत नीट बसणाराच पेचकस घ्या, खाच एकदा चिरली की तो स्क्रू गेला. शेलच्या आतही बघा, पेन्सिलीचे आकडे किंवा शिक्के सापडतात. ते पुसू नका, फोटो काढा.

मग टेन्शन रॉड. अमेरिकन ड्रमवर बहुतेक ठिकाणी इंचाला 24 आटे भेटतात, पण जुन्या काळात सगळ्यांचं माप एक नव्हतं. इतर देशांच्या ड्रमवर तर इंचाचा हिशेबच लागू पडेल असं नाही. तुमच्याकडे उरलेला एक चांगला रॉड घ्या, आट्यांचा गेज लावा, लांबी आणि डोक्याचा चौकोन व्हर्निअरने मोजा. नवा आणलेला रॉड आधी बोटांनी फिरवून बघा. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर थांबायचं. चावी लावून रेटलात, तर शंभर वर्षं टिकलेले नळीतले आटे एका मिनिटात जातील, आणि रॉड मिळेल पण तशी नळी मिळणार नाही.

स्ट्रेनर हे खरं काम. शेलवरच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजा. समोरच्या बाजूला तारांचं दुसरं टोक धरणारा भाग असतो, त्याला बट म्हणतात. त्याचीही भोकं मोजा. भोकांभोवती निकेलवर जुन्या स्ट्रेनरची सावली उमटलेली असते. तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने आकार उतरवून घ्या. हा कागद आणि ही मापं म्हणजे तुमच्या हरवलेल्या भागाचं ओळखपत्र. कारखान्यांच्या त्या काळातल्या सूचीपत्रांच्या प्रती संग्राहकांकडे असतात. त्यातल्या चित्राशी आकार पडताळा, मग शोधायला लागा. सुटा स्ट्रेनर महाग पडतो. त्यापेक्षा त्याच कारखान्याचा, त्याच सुमाराचा, शेल चेपलेला किंवा चिरलेला ड्रम पुष्कळदा कमीत सुटतो, आणि रॉड, हूप, स्ट्रेनर सगळं एकदम हाती येतं. मात्र वाजण्यासारखा धड ड्रम भागांसाठी फोडू नका. एक उभा करायला दुसरा मारायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

घेताना ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचे भाग भिंगाखाली बघा. त्यांना केसासारख्या चिरा गेल्या असतील, पृष्ठभाग फुगला असेल, तर तो धातू आतून सडतोय. तो जोडताही येत नाही आणि ताणही घेत नाही. खरा भाग मिळेपर्यंत वर्ष जाऊ शकतं. तोवर हल्ली बनवलेली हुबेहूब नक्कल लावली तरी माझी हरकत नाही, पण ती जुन्याच भोकांत बसली पाहिजे. नवं भोक पाडायचं नाही. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण पुन्हा नसल्यासारखं करता येत नाही.

राहिली कातडी आणि तारा. कातड्याच्या जागी बसणारं प्लास्टिकचं हेड बाजारात आलं 1957 च्या सुमारास. तुमचा ड्रम घडवणाऱ्यांच्या कानात वासराच्या कातड्याचाच आवाज होता, आणि खालचं कातडं वरच्यापेक्षा बरंच पातळ. कातडं गार पाण्यात अर्धा तास भिजवायचं, लाकडी रिंगेभोवती कातड्याच्या कडा आत खोचायच्या (चमच्याचा गुळगुळीत दांडा चालतो), शेलवर बसवून रॉड जेमतेम लागतील इतकेच फिरवायचे आणि सावलीत वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी ते शेलच्या कडेचा आकार धरून बसतं. घाईने ताणलंत तर वाळताना फाटेल. तारांच्या जागी त्या काळी तात (आतड्याची दोरी) वापरत, रेशीम गुंडाळलेली तारही असे. तात लावून हलक्या हाताने एक रोल वाजवा. आवाज कोरडा आणि सुटा येतो, प्रत्येक टिपरी वेगळी ऐकू येते. वळवलेल्या बारीक तारांची ती सळसळ त्यात नसते.

रोज वाजवायला प्लास्टिक हवं असेल तर तेही लावा, त्याने ड्रमचं काही बिघडत नाही. फक्त एक लक्षात घ्या. जुने शेल पुष्कळदा 14 इंचाहून केसभर मोठे असतात आणि आजचं हेड त्यांवर अडकतं. शेल तासू नका. अशा शेलसाठी किंचित सैल मापाची हेड्स खास बनतात, ती मागवा.

प्रश्न : माझ्या ड्रमवर मोतिया रंगाचं आवरण आहे. जोडाशी उघडलंय. हीट गनने सैल करून काढू का?

उत्तर : नको, अजिबात नको. जुनं मोतिया आवरण बहुधा सेल्युलॉइडचं असतं, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. जोडाशी नाक नेलंत तर कधीकधी कापराचा वास अजून येतो. हा पदार्थ भसकन पेट घेतो आणि विझवायला कठीण. शिवाय वयाने ते आक्रसतं, म्हणून जोड उघडतो. ओढून मूळ जागी आणायला गेलात तर दुसरीकडे चिरेल. सुटलेल्या कडेखाली थोडा गोंद भरा, मेणकागद ठेवा, वर रुंद कापडी पट्टी बांधून दोन दिवस सोडा. फट राहिली तर राहू द्या. आणि हा ड्रम हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका.

प्रश्न : स्लिंगरलँड या अमेरिकन कंपनीचा एक ड्रम मिळतोय, पण लग लाकडाचे आहेत. कुणीतरी घरी बनवून बसवले असावेत. धातूचे मूळ लग कुठे मिळतील?

उत्तर : तेच मूळ आहेत! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत धातूवर निर्बंध आले, आणि ड्रममध्ये वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त धातू वापरायला बंदी झाली. म्हणून कारखान्यांनी लग लाकडाचे केले. स्लिंगरलँडच्या त्या ड्रमचं नाव ‘रोलिंग बॉम्बर’. लवकर घ्या, आणि एकही लग बदलू नका. रॉड लावताना मात्र हात हलका ठेवा, लाकूड रेषेत चिरतं. विकणाऱ्याला आधी विचारा, की सगळे लग शाबूत आहेत का, आणि प्रत्येकाचा मागून फोटो मागवा. चीर पहिल्यांदा तिथेच दिसते.