लग्न झालेली बहीण अचानक गेली. तिचं सगळं कार्य सासरी झालं. भाऊ म्हणून मी तिची आठवण कशी ठेवू?

दिवसकार्याला तुम्ही बाजूला उभे होतात, कुणी काही विचारलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझी ताई अशीच एका मे महिन्यात गेली. देवगडकडे दिली होती तिला. सकाळी खळ्यात आमसुलं उलटायला गेली आणि तिथेच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरेपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही वेंगुर्ल्याहून पोचलो तेव्हा आत माणसांची गर्दी होती आणि बाहेर उन्हात आमसुलांसाठीची रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं तशीच पसरलेली. त्यांना अजून रसाची पुटं द्यायची होती. पाऊस जवळ आला होता, आणि त्या घरात त्या सालांकडे बघायचं भान कुणाला असणार? तेराव्यानंतर भावोजींना विचारून मी ती घरी आणली, उरलेली पुटं दिली, वाळवली. तिच्या हाताचं शेवटचं काम कुजू द्यायचं नव्हतं मला.

आता जे सांगायचंय ते. बहीण गेल्यावर नवऱ्याला दहा दिवस सूतक, सख्ख्या भावाला त्याहून कमी. म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं महालय श्राद्ध, सासरी. अहेव, म्हणजे नवरा हयात असताना, गेली असेल तर तिच्यासाठीचं अविधवा नवमीचं श्राद्धही सासरीच. जिने आम्हाला कडेवर घेऊन वाढवलं तिच्यासाठी माहेरच्यांनी करायचं असं काही उरतच नाही, हे लोक आपल्याला अगदी शांतपणे सांगतात. मला ते मान्य नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे म्हाळ होता. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं तयार. भटजींना मी ताईचं नाव घ्यायला सांगितलं. थोरले काका लगेच म्हणाले, "लगीन होवन गेली ती. आता तेंच्या घराण्याची. आपल्या म्हाळात तिचा नाव कित्याक?" माझ्या आईसमोर म्हणाले हे. आई वाढायची थांबली.

भटजी म्हातारे, शांत माणूस. ते म्हणाले, महालयाच्या संकल्पात आई-वडिलांकडच्या पितरांपाठोपाठ मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी आणि बहीण हे सगळे येतातच. सासरे आणि गुरूसुद्धा येतात. परक्या गोत्राची माणसं आहेत की ही! तुमच्या घरातून आजवर बहिणीचं नाव कुणी दिलं नाही एवढंच. मी तिथल्या तिथे काकांना विचारलं, मग आत्याचं नाव का नाही घेतलं कधी? त्यांचीच धाकटी बहीण ती, बाळंतपणात गेलेली. काका काही बोलले नाहीत. त्या दिवशी दोघींची नावं घेतली गेली. काका जेवले, पण तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा वेळ आली तर मी तेच विचारीन. वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायला घर विसरत नाही. मग पानावर तिचं नाव घेताना ती परकी कशी होते?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर आधी तिचे व्हॉट्सॲपवरचे आवाजातले निरोप दुसरीकडे उतरवून ठेवा. बॅकअप नसेल तर तुमचा फोन बिघडला की ते गेले. तिचा नंबर चालू ठेवायचा असेल तर भाच्यांना रिचार्ज करत राहायला सांगा. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि एक दिवस तिकडून अनोळखी माणूस बोलतो. हे एका मित्राच्या बाबतीत झालंय.

भाऊबीजेला पहिल्या वर्षी लोक चुलत बहीण, मानलेली बहीण ओवाळायला बसवतात. बसू नका. मी त्या दिवशी ताईच्या घरी जातो. त्या दिवशी भावाने बहिणीच्या घरी जेवायचं असतं, आणि घर अजून तिचंच आहे. भाची जेवायला वाढते. ओवाळत नाही, मी सांगितलंय तसं. भाच्यांना तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगतो, तिच्या भांडणांच्यासुद्धा. माहेरची ताई कशी होती हे त्यांना आमच्याशिवाय कोण सांगणार?

एक मात्र, घराण्याघराण्याची रीत वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी वर्ष पुरं होईपर्यंत म्हाळात नाव घेत नाहीत, तेव्हा आधी तुमच्या भटजींना विचारा. आणि तिच्या सासरच्यांशी वाद घालू नका. त्यांचंही माणूस गेलंय. माझ्या भावोजींनी कधी आडकाठी केली नाही. वाद घालायचा तर आपल्याच घरात घाला, आणि आई हयात असताना घाला. माझ्या आईला तिच्या मुलीचं नाव त्या पानावर ऐकायचं होतं आणि ती ते कुणाजवळ बोलू शकली नव्हती.