वाचकांचे प्रश्न : फासा आधी की चाल आधी?

प्रश्न : मी आणि माझा मावसभाऊ ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा ऑनलाइन गेम खेळतो. क्राफ्टिंग, म्हणजे गेममधल्या वस्तू घडवणे-सुधारणे, हे सर्वस्वी कौशल्याचे काम आहे, असे त्याचे म्हणणे आहे. माझे केऑस ऑर्ब (वस्तूचे गुणधर्म बदलणारे गोळे) मात्र संपतात आणि हाती काहीच लागत नाही, त्यामुळे मला ही निव्वळ लॉटरी वाटते. आमच्यापैकी कोणाचे खरे?
– महाविद्यालयीन वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही दोघे एकच गेम खेळत असलात, तरी तुमचे क्राफ्टिंग बहुधा एक नाही. २०१३ साली आलेल्या मूळ ‘पाथ ऑफ एक्झाइल’मध्ये रेअर, म्हणजे दुर्मीळ प्रतीच्या, वस्तूवर जास्तीत जास्त सहा गुणधर्म येतात, ‘प्रीफिक्स’ गटातले तीन आणि ‘सफिक्स’ गटातले तीन. केऑस ऑर्ब वापरला की ते सगळे पुसले जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. आधीच्या प्रयत्नातले काहीही पुढे शिल्लक राहत नाही, आणि दहा वर्षे मुरलेल्या खेळाडूने तो ऑर्ब वापरला काय किंवा तुम्ही वापरला काय, त्याच वस्तूवर शक्यता तीच राहते. योग्य आयटम लेव्हलची (वस्तूवर कोणते गुणधर्म येऊ शकतात हे ठरवणाऱ्या पातळीची) वस्तू निवडणे एवढाच तुमच्या हाताला वाव आहे. तेव्हा तुमच्या पद्धतीपुरती लॉटरीची तक्रार रास्त आहे.

तुमचा मावसभाऊ बहुधा वेगळ्या वाटेने जात असावा. साधारणपणे वस्तू आधी मॅजिक, म्हणजे रेअरच्या खालच्या प्रतीची, ठेवतात, त्यामुळे तिच्यावर फार तर एक प्रीफिक्स आणि एक सफिक्स असतो. मॅजिक वस्तूचे गुणधर्म नव्याने पाडणारे स्वस्तातले ऑल्टरेशन ऑर्ब वापरून हवा तो गुणधर्म येईपर्यंत वाट पाहायची, मग रीगल ऑर्बने वस्तू रेअर करायची. रीगलने एक गुणधर्म वाढतो आणि तो कोणता असेल हे आपल्या हाती नसते, पण तो दिसल्यावर पुढे काय करायचे हे आपणच ठरवतो. नको तो आला, तर वस्तू सोडून द्यायची की अॅनलमेंट ऑर्बने एक गुणधर्म उडवण्याचा धोका पत्करायचा? तीनही प्रीफिक्स भरलेले असतील तर एक्झाल्टेड ऑर्बने येणारा गुणधर्म सफिक्सच असणार, हे ज्याला ठाऊक आहे तो मुद्दाम आधी प्रीफिक्स भरून घेतो. शेवटची रिकामी जागा क्राफ्टिंग बेंचवर आपल्या निवडीच्या गुणधर्माने भरता येते. यातला प्रत्येक फासा आंधळाच असतो, पण एक पडल्यावर दुसरा टाकण्याआधी विचाराला जागा मिळते, आणि जाणकार खेळाडू आपली सगळी कमाई त्या जागेतच करतो.

म्हणून कोणत्याही क्राफ्टिंगबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : नशीब चालीच्या आधी दिसते की चालीनंतर? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हाही कारण याच जातीचे होते. पाने वाटली जातात ती नशिबानेच, पण पडलेली पाने लक्षात ठेवणे, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवणे, यासाठी डोके लागते.

आधी दिसणाऱ्या नशिबाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेममध्ये दिसते. तिथे वस्तू घडवताना दर पायरीला साहित्याची स्थिती दाखवली जाते. स्थिती ‘गुड’ असेल तर दर्जावाढ दीडपट मिळते आणि ‘एक्सलंट’ असेल तर चौपट, मात्र एक्सलंटच्या पुढची पायरी नेहमी ‘पुअर’ असते आणि तिथे दर्जावाढ निम्म्यावर येते. हे माहीत असलेला कारागीर एक्सलंट दिसताच आपली सर्वांत जड दर्जावाढ त्या पायरीवर खर्च करतो, आणि पुढची पुअर पायरी दर्जाला हात न लावता दुसऱ्या कुठल्या तरी तयारीत काढतो. गुड स्थितीत दर्जा वाढवायचा की ‘ट्रिक्स ऑफ द ट्रेड’ वापरून २० क्राफ्टिंग पॉइंट (चाली खेळायला खर्च होणारे गुण) परत मिळवायचे, हाही हिशेब असतो. त्याच गेममध्ये ‘हेस्टी टच’ ही दर्जा वाढवणारी चाल मात्र मुळात साठ टक्केच यशस्वी होते. तिचा निकाल चाल खेळून झाल्यावर कळतो, आणि तिथे कसलेला कारागीरही फार काही करू शकत नाही.

आता गंमत पाहा. अवजारे आणि कपडे पुरेसे चांगले झाले, की वस्तू घडवण्याच्या नेहमीच्या कृतींसाठी पंधरा ओळींचा एखादा मॅक्रो (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी) पुरतो. मॅक्रोला स्थिती वाचता येत नाही, पण त्याला ती वाचण्याची गरजच उरत नाही, कारण दर्जा पूर्ण भरला की उच्च प्रतीची वस्तू शंभर टक्के मिळते. तिथे नशीब संपते आणि बटण दाबणाऱ्याचे कौशल्यही संपते. मॅक्रो ज्याने रचला त्याचे तेवढे उरते. बहुधा म्हणूनच २०२० मध्ये ‘एक्स्पर्ट’ कृती आणताना स्थितींचे प्रकार वाढवले गेले. तिथे ठरावीक मॅक्रो तोंडावर आपटतो आणि दर पायरीला डोळे उघडे ठेवावे लागतात. नशीब वाढवल्यामुळे कौशल्याला काम मिळाले, हे ऐकायला विचित्र वाटते, पण घडले ते असेच.

प्रश्न : माझ्या गेममध्ये तलवारीची ताकद वाढवण्याची शक्यता पाच टक्के लिहिली आहे. वीस वेळा प्रयत्न करूनही यश आले नाही. गेम मला फसवतो आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. पाच टक्के शक्यतेचे वीस स्वतंत्र प्रयत्न केले, तर शंभरातल्या सुमारे ३६ जणांना एकदाही यश मिळत नाही, आणि साठ प्रयत्नांनंतरही जवळजवळ पाच जण रिकाम्या हातानेच उरतात. आधीची अपयशे लक्षात ठेवण्याची सोय गेममध्ये मुद्दाम केलेली नसेल, तर एकविसाव्या प्रयत्नाची शक्यताही पाच टक्केच असते. काही गेममध्ये तशी सोय असते. ‘लॉस्ट आर्क’मध्ये प्रत्येक अपयशागणिक एक पट्टी भरत जाते आणि ती पूर्ण भरली की पुढचा प्रयत्न हमखास यशस्वी होतो. आपला गेम यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे आणि साहित्य किती घालवायचे ते पहिल्या प्रयत्नापूर्वीच ठरवावे. विसाव्या अपयशानंतर ठरवायला बसलेला माणूस सहसा एकविसावा प्रयत्न करतोच.

फसवणूक कधीच होत नाही, असे मात्र नाही. ‘मेपलस्टोरी’ या गेममधील क्यूब या, इतर वस्तूंचे गुणधर्म बदलणाऱ्या, वस्तूंच्या शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्याबद्दल दक्षिण कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे १,१६० कोटी वोनचा दंड ठोठावला. त्याच वर्षी मार्चपासून तिथे अशा शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. लिहिलेला आकडाच खोटा असेल, तर तिथे कोणतेही कौशल्य कामाला येत नाही.

प्रश्न : मी गेम डिझाइन शिकते आहे. प्रकल्पातल्या क्राफ्टिंगमधून नशीब पूर्ण काढून टाकावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमने काय केले ते पाहा. त्याच्या २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्तारामध्ये ‘इन्स्पिरेशन’ नावाचा घटक होता, त्यामुळे कधीकधी अचानक वरचा दर्जा मिळे. २०२४ च्या ‘द वॉर विदिन’मध्ये तो काढला आणि त्याजागी ‘कॉन्सन्ट्रेशन’ आले. हा साठा वेळ जाईल तसा पुन्हा भरत राहतो, आणि पुरेसा साठा खर्च केला की वरचा दर्जा खात्रीने मिळतो. वस्तू घडवताना वाटणारी धाकधूक गेली, पण साठा कोणत्या वस्तूवर खर्च केला तर बाजारात अधिक मोल येईल, हा प्रश्न आला, आणि तो माझ्या मते अधिक चांगला आहे.

तुमच्या प्रकल्पात फासा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण तो चालीच्या आधी टाकून खेळाडूला दाखवा आणि त्यावर उत्तर म्हणून निदान दोन खऱ्याखुऱ्या चाली द्या. मग नवख्याला आणि मुरलेल्याला तेच साहित्य देऊन पुष्कळ वेळा घडवायला लावा. दोघांच्या हाती सरासरी सारखाच माल येत असेल, तर त्या दोन चालींपैकी एक नुसती शोभेची आहे असे समजा आणि ती पुन्हा आखायला घ्या.