‘माझं क्षेत्र संपणार का?’

“पाच वर्षांत माझं काम एआय करेल म्हणतात. आत्ताच नोकरी सोडून डेटा सायन्सचा कोर्स करू का?” सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलेल्या एका बाईंनी हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) हल्ली माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला असं विचारणारे बरेच येतात, फक्त क्षेत्राचं नाव वेगळं असतं.

त्यांच्या टीममधले काही जण कमी झाले होते, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण त्या सगळं खापर एआयवर फोडत होत्या. २०२०-२१ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांनी भरमसाट भरती केली, मग व्याजदर वाढले आणि नोकरकपात आली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हा ती कपात सुरू झालेलीच होती.

“म्हणजे धोका नाही?” आहे. पण तो अख्ख्या पदावर येत नाही, पदातल्या एकेका कामावर येतो. रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, असं जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआय संशोधनातला दिग्गज २०१६ मध्ये म्हणाला होता. रेडिओलॉजिस्ट आजही लागतात, कारण स्कॅन वाचणं हे त्यांचं सगळं काम नव्हे.

म्हणून मी त्यांना आठवडाभर स्वतःच्या कामाची नोंद ठेवायला सांगितलं. ठरावीक टेस्ट केस (सॉफ्टवेअर कसं तपासायचं त्याच्या पायऱ्या) लिहिणं यंत्राकडे जाणार, हे उघड होतं. पण ग्राहकाला नेमकं काय हवंय ते उलगडणं, कोणती चूक राहिली तरी रिलीज करता येईल हे ठरवणं, यातही त्यांचा बराच वेळ जात होता. बायोडेटात मात्र याची एक ओळ नव्हती! मग आम्ही नोकरीच्या जाहिराती काढल्या आणि पदनाम बाजूला ठेवून फक्त खालची कामांची यादी वाचली. ऑटोमेशन (चाचण्या आपोआप चालवणारे प्रोग्रॅम लिहिणं) आणि सुरक्षा तपासणी पुन्हा पुन्हा दिसली. दोन्ही त्यांच्या अनुभवाला लागूनच.

कोर्सबद्दल मी स्पष्ट बोलले. घाबरून घेतलेला कोर्स अनेकदा अर्धवट सुटतो. आधी डेटा सायन्सचं काम करणाऱ्याला गाठा, त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. त्यांनी विचारलं. विस्कळीत डेटा साफ करण्यात तासन्‌तास जातात, हे ऐकून त्यांचा उत्साह ओसरला.

नोकरी त्यांनी सोडली नाही. ऑटोमेशनचं काम मागितलं, पहिल्यांदा नकार आला, पुढच्या प्रोजेक्टवर ते मिळालं. पगार अजून वाढलेला नाही. सुरक्षा तपासणी शिकायची की नाही, हे सहा महिन्यांनी जाहिराती पुन्हा वाचून ठरवणार आहेत.