शारजातल्या युनिटला गुंतवणूक कराराचं संरक्षण मिळतं का?

तुम्ही विचारलंय की शारजात अडकलेलं बिल आणि तिथलं नवं युनिट यांना भारत आणि संयुक्त अरब अमिराती (यूएई) यांच्यातल्या गुंतवणूक कराराचं संरक्षण मिळेल का. यात दोन प्रकरणं एकत्र आली आहेत. एक, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून शारजाला पाठवलेल्या व्हॉल्व्ह बॉडींचं थकलेलं बिल. दुसरं, तिथल्याच भागीदाराबरोबर काढायचं मशिनिंग युनिट. भारत-यूएई गुंतवणूक कराराचा संबंध फक्त दुसऱ्याशी येतो, आणि तोही भागीदाराने नव्हे तर सरकारने नुकसान केलं तरच.

बिलाचं आधी. माल विकून झालेली येणी म्हणजे गुंतवणूक नव्हे. 1 मे 2022 पासून लागू असलेला सेपा हा व्यापार करारही इथे कामाचा नाही. त्यातून सीमाशुल्काची सवलत मिळते, वसुली होत नाही. वसुलीसाठी खरेदी करारात लवादाचं, म्हणजे न्यायालयाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडून वाद सोडवण्याचं, कलम हवं: लवादाचं ठिकाण, भाषा आणि लवादांची संख्या नाव घेऊन लिहिलेली. परदेशी लवादांचे निवाडे मान्य करण्याच्या न्यूयॉर्क या आंतरराष्ट्रीय करारात यूएई 2006 पासून आहे, त्यामुळे लवादाचा निवाडा तिथे अंमलात आणण्याची वाट आहे. पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत खरेदीदाराच्या अटी छापलेल्या असतात, त्या न वाचता माल मुरगाव बंदराला जातो, आणि तिथेच घोळ होतो. उलट बाजूही लक्षात घ्या. यूएईच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे जानेवारी 2020 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली थेट इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलात येतात. तिथली नोटीस दुर्लक्षित केलीत तर एकतर्फी निकालावर आक्षेप घेणं सोपं नसतं. पुढच्या खेपांसाठी ईसीजीसी या निर्यातीच्या बुडीत येण्यांचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी माल निघण्याआधी घ्या.

आता युनिट. गुंतवणुकीचा नवा करार 13 फेब्रुवारी 2024 ला झाला आणि 31 ऑगस्ट 2024 पासून लागू आहे. जप्ती, उघड मनमानी, न्याय नाकारणं, मुद्दाम केलेला भेदभाव, नफा बाहेर नेण्यातली आडकाठी यांपासून तो संरक्षण देतो. पण त्यातून काय वगळलंय ते आधी वाचा: कर, स्थानिक शासन, सरकारी खरेदी, अनुदानं. कॉर्पोरेट टॅक्सचा वाद या कराराखाली नेता येणार नाही. भ्रष्टाचार, फसवणूक किंवा पैसा फिरवून परत भारतात आणणं यात गुंतवणूक अडकली असेल, तर दावाच ऐकला जात नाही.

दाव्याची वाटही लांब आहे. आधी तिथल्या न्यायव्यवस्थेत 3 वर्षं दाद मागायची, मगच लवाद. इतर देशांशी बोलणी करताना आधार म्हणून भारताने केलेल्या 2015 च्या नमुना करारात हीच मुदत 5 वर्षं आहे. इतकी कडक अट का? व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बाजूने लागलेल्या लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत नऊ वर्षं रखडली, आणि 2011 मध्ये दुसऱ्या लवादाने त्या विलंबासाठी भारताला जबाबदार धरलं. 2020 मध्ये व्होडाफोन आणि केर्न या परदेशी कंपन्यांच्या कराच्या वादांतही निकाल भारताविरुद्ध गेले. कर वगळण्यामागे अशाच वादांची पार्श्वभूमी आहे. माझ्या मते 3 वर्षंही लहान उद्योगाला जड आहेत. खर्च परवडण्यासाठी तिसऱ्याकडून पैसे घेऊन दावा चालवायलाही या करारात मनाई आहे.

म्हणून सगळी भिस्त पहिल्या दिवसाच्या कागदांवर. तुमची फर्म कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असेल, तर शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) 400 टक्क्यांपर्यंत रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी न घेता परदेशी गुंतवणूक करता येते. नेटवर्थ 2 कोटी असेल तर मर्यादा 8 कोटी. पण तिथल्या बँकेला तुमच्या फर्मने दिलेली हमीही यातच मोजतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाची, असेल तर तुम्ही व्यक्ती ठरता, आणि एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात.

बँकेत परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक (यूआयएन) हातात आल्याशिवाय एक दिरहमही पाठवू नका. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यावा लागतो. सगळ्यात मोठी चूक होते ती जुनं सीएनसी मशीन भागीदाराच्या नावाने पाठवून ‘हेच आमचं भांडवल’ असं तोंडी ठरवण्यात. शेअरच्या नोंदीत ते मशीन नसेल, तर कराराच्या दृष्टीने तुमची गुंतवणूकच सिद्ध होत नाही. मशीन द्यायचंच असेल तर आधी बँकेकडून ते कसं दाखवायचं हे लेखी घ्या. भागीदाराशी वाद झाला तर कुठे आणि कसा सोडवायचा, हे संयुक्त कराराच्या पहिल्याच मसुद्यात लिहा. शेअरचे पैसे गेल्यावर तो सही करायला तयार होईलच असं नाही.

त्यानंतर दरवर्षी 15 जुलैपर्यंत परदेशातली येणी-देणी दाखवणारं एफएलए विवरण रिझर्व्ह बँकेला आणि 31 डिसेंबरपर्यंत युनिटचा वार्षिक कामगिरी अहवाल. चुकला तर विलंब शुल्क लागतं, आणि थकलेलं असेपर्यंत पुढची रक्कम पाठवणं अडतं.