दात दिसण्याआधीचे काम

प्रश्न : माझी मुलगी अकरा महिन्यांची झाली, तरी तिला एकही दात आलेला नाही. कॅल्शियमचे औषध सुरू करावे का? आणि दात येताना ताप येतोच, हे खरे आहे का?

उत्तर : हिरडीतून दात डोकावतो त्या दिवशी त्याचे बरेचसे काम उरकलेले असते. गर्भ साधारण 6 आठवड्यांचा असतो तेव्हाच भावी जबड्याच्या काठावरची पेशींची पट्टी जाड होऊ लागते, तिच्यावर कळ्यांसारखे दातांचे अंकुर धरतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत क्षार साचू लागतात. आपल्या मुलीच्या पुढच्या दातांचा वरचा भाग, म्हणजे दाताचे शिर, ती दोन-तीन महिन्यांची असतानाच तयार झालेले असणार. त्यामुळे आता कॅल्शियम दिल्याने दात लवकर वर येईल, असे मला वाटत नाही. खालचे मधले दोन दात बहुधा 6 ते 10 महिन्यांच्या दरम्यान येतात. पण वर्ष उलटल्यावर पहिला दात येणारी मुलेही पुष्कळ असतात, आणि आईवडिलांचे दात उशिरा आले असतील तर त्यात नवल काहीच नाही. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही, तर मात्र दंतवैद्याला दाखवावे. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे 20 दात पुरे होतात.

तापाविषयी सांगायचे, तर लाळ गळणे, हिरडी हुळहुळणे आणि किरकिर एवढे दातांच्या खात्यावर टाकता येते. त्याच सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये बाळाच्या रक्तात कमी होत आलेली असतात, आणि हाताला लागेल ते तोंडात जात असते. म्हणून खरा ताप किंवा जुलाब असतील, तर दातांवर खापर फोडून स्वस्थ बसू नये.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचा खालचा एक दात पडला, पण त्याला मूळच नव्हते. ते आत तुटून राहिले असेल का? शेजारच्या दुधाच्या दातामागे तर नवा दात उगवला आहे आणि जुना जागचा हललेला नाही.

उत्तर : या सदरात सर्वाधिक वेळा आलेला हा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पडलेला दात उजेडात धरून खालच्या बाजूने पाहावा. तेथे मोडलेले टोक नसून खरबरीत कडांचा, आतून पोकळ असा वाटीसारखा भाग दिसेल. मूळ होते, ते विरघळले. हाड झिजवणाऱ्या पेशींच्या जातीच्याच पेशी नवा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ टोकाकडून हळूहळू खात जातात, आणि आधार संपला की दात हलू लागतो.

नवा दात वर सरकतो कसा, हा प्रश्न संशोधकांनाही दीर्घकाळ छळत आला आहे. वाढत्या दाताभोवती एक पिशवी असते, तिच्या संदेशांनुसार वरचे हाड विरते आणि खाली नवे हाड भरत जाते. कुत्र्यांवरील एका प्रयोगात पिशवी शाबूत ठेवून आतला दात काढला आणि त्याच आकाराचा धातूचा दात बसवला, तर तोही वर आला! वाट मोकळी करण्याचे काम दात नव्हे, पिशवी करते, हे त्यावरून कळले. हिरडीबाहेर येतो तेव्हा खऱ्या दाताचे मूळ जेमतेम दोन-तृतीयांश झालेले असते, आणि त्याचे टोक पुरे व्हायला त्यानंतर सुमारे तीन वर्षे लागतात.

आता दोन रांगांविषयी. खालचे कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांच्या मुळांमागे, जिभेच्या बाजूला वाढतात. मूळ पुरेसे न झिजवताच नवा दात मागून निसटून वर आला, की दोन रांगा दिसतात. जुना दात मुलाला जिभेने आणि बोटाने हलवू द्यावा. तो पडला की जीभच नव्या दाताला पुढे रेटते. दोन-तीन महिन्यांत जुना ढिला झाला नाही, तर दंतवैद्याकडून काढून घ्यावा. नव्या दाताच्या कडेवर तीन बारीक उंचवटे दिसतील, ते चावून झिजतात. त्याचा पिवळसर रंगही रोग नव्हे. अर्धपारदर्शक इनॅमलखालचा, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाखालचा, डेंटीनचा (दाताच्या आतल्या पिवळसर भागाचा) थर दुधाच्या दातापेक्षा जाड असल्याने तो तसा दिसतो.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ किडली आहे. पडणारच आहे, तर उपचार कशाला?

उत्तर : पडणार, पण केव्हा? दुधाच्या दाढा 9 ते 12 वर्षांपर्यंत टिकतात आणि खाली वाढणाऱ्या उपदाढांची, म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधल्या कायमच्या दातांची, जागा धरून ठेवतात. दाढ अकाली गेली, की मागचे दात पुढे कलतात आणि उपदाढेला वाट उरत नाही. शिवाय मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या इनॅमलवर डाग किंवा खड्डे पडू शकतात. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताच नाहीशा होतात, म्हणून ती हानी शरीराला कधीच भरून काढता येत नाही.

याच मुलीबाबत आणखी एक सांगतो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, कोणताही दात न पडता, कायमची पहिली दाढ येते. जागा कोणी रिकामी केलेली नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात, आणि माझ्या मते साऱ्या बत्तीशीत सर्वाधिक हेळसांड हिचीच होते. जबड्याच्या मध्यापासून मोजत सहावा दात आला, तर तो आयुष्यभराचा समजून पहिल्या दिवसापासून घासावा.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा आहे. मला एकही अक्कलदाढ आलेली नाही.

उत्तर : अक्कलदाढा बहुधा 17 ते 21 वर्षांच्या दरम्यान येतात, काहींच्या जागेअभावी जबड्यातच अडकतात, तर काहींच्या मुळात घडतच नाहीत. एका क्ष-किरण चित्राने यांपैकी काय ते कळेल. दाढा घडल्याच नसतील, तर करण्यासारखे काही नाही.