गाण्यातली 'पांढरी सायकल' म्हणजे काय?

प्रश्न असा: टुमॉरो या इंग्लिश बँडच्या 'माय व्हाइट बायसिकल' (१९६७) या सायकेडेलिक (नशेतल्या भासांसारखे आवाज असलेल्या) रॉक गाण्यात 'पांढरी सायकल' हा एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली द्रव्यासाठीचा सांकेतिक शब्द आहे का? आणि मराठीत ते शीर्षक कसं द्यावं?

नाही. ती खरीखुरी सायकल आहे, ॲमस्टरडॅममधली. गैरसमज कुठून येतो ते मात्र उघड आहे. १९ एप्रिल १९४३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला एलएसडीचा शोध लावणारे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी स्वतःवर प्रयोग म्हणून पाव मिलिग्रॅम एलएसडी घेतलं आणि प्रयोगशाळेतून ते सायकलवरून घरी गेले. त्या तारखेला 'बायसिकल डे' म्हणतात, म्हणून सायकल दिसली की लोक तिकडे बोट दाखवतात. पण हा दिवस त्या नावाने साजरा होऊ लागला १९८५ पासून. अठरा वर्षांनी रूढ झालेला संकेत गाण्याला मागे जाऊन चिकटवता येत नाही.

खरं मूळ डच आहे: 'वित्ते फीट्सन प्लान'. वित्ते म्हणजे पांढरा, फीट्स म्हणजे सायकल, फीट्सन हे तिचं अनेकवचन. ॲमस्टरडॅममधल्या 'प्रोव्हो' या अराजकवादी तरुणांच्या गटाने १९६५ च्या उन्हाळ्यात ही योजना मांडली. कल्पना लुड स्खिमेलपेनिंक यांची. शहराचा मध्यभाग मोटारींना बंद करायचा, नगरपालिकेने दरवर्षी वीस हजार सायकली घेऊन पांढऱ्या रंगवायच्या, कुलूप लावायचं नाही. हवी त्याने घ्यावी, पोचल्यावर तिथेच सोडावी. नगरपालिकेने नकार दिला, तेव्हा प्रोव्होंनी स्वतःच काही सायकली रंगवून रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कारण अगदी नियमावर बोट ठेवून दिलेलं: बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवायला मनाई होती. यावर प्रोव्होंचा तोडगा भारी होता. सायकलींना आकड्यांची कुलपं लावली आणि आकडा सायकलीवरच रंगवून ठेवला!

शब्दाच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. 'वित्ते' हा नंतर प्रोव्होंचा ठरीव उपसर्गच झाला. पांढऱ्या घरांच्या योजनेत रिकाम्या पडलेल्या घरांची दारं पांढरी रंगवायची, म्हणजे बेघरांना कळावं की इथे शिरता येईल. धूर ओकणाऱ्या धुराड्यांसाठी 'पांढरी धुराडी' होती. 'पांढऱ्या कोंबड्या' ही योजना तर पोलिसांसाठी, कारण डच बोलीत 'किप', म्हणजे कोंबडी, हा पोलिसासाठी टवाळीचा शब्द. पोलिसांनी शस्त्र सोडून पांढऱ्या गणवेशात लोकांना मदत करत फिरावं, असा तो प्रस्ताव. तेव्हा इथे पांढरा म्हणजे पवित्र किंवा शांत असा अर्थ लावत बसू नये. सायकलीपुरता तरी तो 'कुणा एकाची नव्हे, घ्या आणि जा' असं सांगणारा रंग आहे.

लंडनला हे पोचलं ते एका बिल्ल्यातून. चेल्सीतल्या 'ग्रॅनी टेक्स अ ट्रिप' या कपड्यांच्या दुकानाचे एक मालक नायजेल वेमथ ॲमस्टरडॅमहून प्रोव्होंचा बिल्ला घेऊन आले आणि त्यांनी तो टुमॉरोचा ड्रमर ट्विंक याला दिला. गाणं लिहिलं गायक कीथ वेस्ट आणि केन बर्जेस यांनी. गिटारवर स्टीव्ह हाऊ, तोच जो पुढे 'येस' या बँडमध्ये गेला. गाण्यातला सायकलस्वार रात्री उशिरा रिकाम्या रस्त्यांवरून सुटलेला असतो, पोलीस ओरडतो आणि हा बघतही नाही. मध्ये पोलिसाची शिट्टी वाजते. प्रोव्होंची गोष्ट माहीत नसेल, तर हा पोलीस गाण्यात का आला ते कळत नाही. एलएसडीवाल्या अर्थात तर त्याला जागाच नाही. सायकेडेलिक आहे ते गाण्याच्या आवाजात: टेप उलटी फिरवून घेतलेले आवाज, फेझिंगने (एकच आवाज किंचित पुढेमागे करून स्वतःवरच चढवण्याच्या तंत्राने) डोलणारा नाद. शब्द त्यामानाने सरळ आहेत.

गाणं मे १९६७ मध्ये आलं आणि त्याच महिन्यात प्रोव्होंनी आपला गट विसर्जित केला.

पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं 'बाइक' हे गाणंही त्याच वर्षीचं, पण त्याची यात गल्लत नको. तिथली सायकल बास्केट आणि घंटी असलेली, वर उसनी आणलेली. प्रोव्होंशी तिचा काही संबंध नाही.

आता भाषांतर. 'माझी पांढरी सायकल' हेच ठेवावं. 'शुभ्र' नको, ते साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं. इथे ब्रशने फासलेला रंग आहे. नुसतं 'माझी पांढरी' केलंत तर गावाकडच्या वाचकाच्या डोळ्यासमोर गावठाण येईल. 'माझी' या शब्दात मुळातच विसंगती आहे, कारण ही सायकल कुणाचीच नसते. ती मूळ गाण्यातही आहे, तेव्हा सुधारायला जाऊ नये. तळटीप द्यायची तर 'ॲमस्टरडॅम, १९६५, सर्वांसाठी मोफत सायकली' एवढी पुरे.

आणि हल्लीच्या इंग्रजी मजकुरात रस्त्याकडेला साखळीने बांधलेली पांढरी सायकल आली, तर ती 'घोस्ट बाइक' असणार: अपघातात गेलेल्या सायकलस्वाराचं स्मारक. ही प्रथा २००३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला सुरू झाली.